खाली नेहमीचं

सेंटर जळगावात होतं, पण त्याचे डोळे धुळ्यात होते. मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांत लीलाधर छातीचे फोटो काढायचा. ते कॉम्प्युटरवरून धुळ्याला जायचे. तिथे डॉक्टर ते बघायचे आणि फोनवर आवाज भरून पाठवायचे. तो आवाज कानात घालून कामिनी जळगावात रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टरांच्या धुळ्याच्या सेंटरचेही रिपोर्ट तिच्याकडेच येत. दिवसाला सत्तर-ऐंशी छात्या तिच्या बोटांखालून जायच्या, आणि त्यातल्या एकाही माणसाचा चेहरा तिने पाहिलेला नसायचा.

डॉक्टर माणूस चांगला, पण मुहूर्त टळत चाललेल्या भटजीसारखा घाईत बोलायचा. "डावी बाजू स्वच्छ, हृदय ठीक, उजवीकडे वर लहान डाग, जुन्या टीबीचा असू शकतो, खाली नेहमीचं. पुढचा."

'खाली नेहमीचं' म्हणजे रिपोर्टची शेवटची ओळ. लक्षणांशी ताडून पाहावे, सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढावा, डाग तसाच राहिला तर सीटी करावी. डाग असलेल्या प्रत्येक रिपोर्टखाली ती असायचीच, बारीक इंग्रजी अक्षरांत. कामिनीला ती कधी पुरती टाइप करावी लागली नाही. दोन अक्षरं मारली की अख्खी ओळ आपसूक पडायची. सहा वर्षांत तिने ती हजारो वेळा पाडली असेल. वाचली मात्र नाही. देव्हाऱ्यापुढची फरशी आपण रोज पुसतो, पण तिच्यावर फूल आहे की पान हे कुणी विचारलं तर आठवत नाही, तसं.

फेब्रुवारीत नाना आले. नाना म्हणजे तिचे वडील, जीवराम. सावद्याला त्यांची केळीची बाग. महिनाभर खोकला होता म्हणून आईने, सुनंदाबाईंनी, त्यांना ढकलून एसटीत बसवलं होतं. पण नानांचं खरं काम नातीशी होतं. मिठू दोन वर्षांची. नानांनी आल्या आल्या तिला खांद्यावर घेतली आणि सेंटरमध्ये शिरण्याआधी खिशातला कंगवा काढून केस विंचरले.

"नाना, छातीचा फोटो आहे," कामिनी हसली.

"असू दे ना. धुळ्याचा डॉक्टर पाहीन, जावयाच्या गावात आपली इज्जत आहे." मग लीलाधरला म्हणाले, "हासायचं का रे भाऊ?"

"श्वास धरायचा आबा, हसायचं नाही."

दुपारी धुळ्याहून आवाज आला. सगळ्यांना जसा यायचा तसाच. उजवीकडे वर लहान डाग, जुन्या टीबीचा असू शकतो, खाली नेहमीचं, पुढचा. कामिनीने वडिलांचं नाव टाइप केलं, दोनदा तपासलं. आपल्या हाताने नानांचं नाव इंग्रजीत छापून येतंय याचंच तिला कौतुक. मग दोन अक्षरं मारली. ओळ पडली.

सावद्याच्या डॉक्टरने रिपोर्ट बघून दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. खोकला बसला. मग एका संध्याकाळी नानांचा फोन आला. कामिनीच्या एका हातात वरणभाताची वाटी होती, मिठू तोंड फिरवत होती, फोन मानेत दाबलेला.

"कामू, तो कागद हाये ना, त्याच्या खाली बारीक अक्षरात काय लिहेल हाये गं?"

"कुठे नाना?"

"सगळ्यात खाली. आपला नीलेश म्हने, सहा आठवडे का काय."

"अहो, ते नेहमीचं आहे. सगळ्यांच्या खाली असतं ते. मीच टाकते."

"म्हनजे काही नाई ना?"

"खोकला गेला ना तुमचा? मग झालं."

"झालं मंग," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात पोरासारखी सुटका होती. मिठूने तेवढ्यात घास थुंकला आणि फोन ठेवला गेला. एवढंच बोलणं. पुढे तिने ते इतक्या वेळा आठवलं, की वरणात जिरं जास्त झालं होतं हेसुद्धा तिच्या ध्यानात राहिलं.

सहा आठवडे पाडव्याच्या सुमाराला भरले. त्या दिवशी कामिनी सावद्यातच होती. नानांनी मिठूला खांद्यावर घेतलं, ओट्याची तिसरी पायरी चढताना थांबले आणि म्हणाले, "हिचं वजन घडाएवढं झालं माय, आता हिले कापायले पाहिजे." सगळे हसले. तीही हसली.

मग उन्हाळा आला. केळी कापायला आली, गाड्या भरायला लागल्या, पारा पंचेचाळीसच्या वर गेला. त्या उन्हात दम कुणाला लागत नाही?

पोळ्याच्या दिवशी नानांना बैलाच्या शिंगाला बेगड लावता लावता खाली बसावं लागलं. नीलेश, कामिनीचा धाकटा भाऊ, त्यांना गाडीत घालून जळगावला घेऊन आला. लीलाधरने फोटो काढला आणि 'कामिनीच्या घरचे आहेत' असं लिहून धुळ्याला पाठवला. या वेळी कुणी केस विंचरले नाहीत.

धुळ्याहून आवाज आला तेव्हा डॉक्टर घाईत नव्हते. "जुना फोटो आहे का यांचा? फेब्रुवारीचा?" एवढं बोलून ते थांबले. अकरा सेकंद त्या आवाजात नुसता धुळ्याच्या रस्त्यावरचा हॉर्न वाजत राहिला. मग ते म्हणाले, "कामिनी, हे तुझे कोण?" पहिल्यांदाच त्यांनी आवाजात तिचं नाव घेतलं होतं.

फेब्रुवारीत सुपारीएवढा डाग होता. आता उजवी छाती अर्धी पांढरी झाली होती. खाली पाणी भरलं होतं.

पुढचे सव्वा दोन महिने रस्त्यात गेले. सीटी जळगावात झाली. छातीतलं पाणी काढायला आणि सुईने तुकडा घ्यायला धुळ्याला जावं लागलं, तिथे सुई घालणारे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस. तुकडा तपासायला मुंबईला गेला. एकदा तो अपुरा म्हणून परत आला, पुन्हा धुळे, पुन्हा सुई. डाग जळगावचा, सुई धुळ्याची, उत्तर मुंबईचं, आणि माणूस सावद्याचा. उत्तर आलं तेव्हा कार्तिक लागला होता. फुप्फुसाचा कॅन्सर, आवरणावर पसरलेला. औषध देऊ, त्याने दिवस मिळतील, म्हणाले. बरं होणं मात्र आता हातात नाही. सहा आठवड्यांनी परत आले असते तर, असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत. कामिनी वाट बघत होती, की म्हणतील. कुणीच म्हणालं नाही.

सगळ्या गावात एकच प्रश्न. "जीवरामभाऊ तर बिडीले शिवले नाईत कधी!" प्रत्येक कागदावरही तेच लिहिलेलं, बिडी-सिगारेट नाही. ते खरंच होतं. पण तरुणपणी पंधरा वर्षं नाना रतनलाल शेठच्या वखारीत केळी पिकवायचे. बंद खोलीत घड रचायचे, मडक्यात गोवऱ्या पेटवून धूर कोंडायचा, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून त्या धुरात शिरायचं. आता केळी थंड खोलीत पिकतात, वखारी गेल्या. नानांना कुणी 'बिडी ओढता का' एवढंच विचारलं. धुराचं विचारलं नाही, आणि नानांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही. काम होतं ते.

त्याच वखारीचे मालक रतनलाल शेठ दिवाळीनंतर भेटायला आले. मारवाडी, जैन घर, तीन पिढ्या सावद्यात. दोन वर्षांपासून मुलाकडे, अर्पितकडे, पुण्यात राहायचे. नानांहून चार वर्षांनी मोठे, पण ओटा चढले ते कठड्याला हात न लावता. कामिनी त्या शनिवारी मिठूला घेऊन माहेरी आलेली. नाना पलंगावर उशांना टेकून बसलेले.

"क्या रे जीवराम, आराम चालू आहे?"

"ये शेठ. तुझं बरं आहे, पुन्याची हवा खाऊन टमाट्यासारखा झाला तू."

"हवा कसली, माझापण एक तुकडा गेला." शेठनी बंडीवरून उजव्या कुशीला हात लावला. "डाग निघाला होता. सुपारीएवढा. कापून काढला एप्रिलमध्ये."

आईच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजला.

"कशाचा डाग?" नानांनी विचारलं.

"तुझ्यासारखाच." शेठनी मान खाली घातली. "एकाच मडक्याचा धूर खाल्लाय आपण."

"कोनाले बोलला नाई तू."

"अर्पित म्हणाला, गावात बोंब नको. नातीच्या, रिद्धीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. असल्या बातमीने समोरचे मागे सरतात, तुला माहीत आहे. नाहीतर..." शेठचा आवाज फाटला. "नाहीतर पहिला फोन तुलाच केला असता. म्हटलं असतं, जा, तूपण फोटो काढ."

"काढला होता," नाना म्हणाले. "काढला होता रे. फेब्रुवारीतच."

कामिनी दाराच्या चौकटीत उभी होती. मिठू तिच्या पदराशी खेळत होती. तिने विचारलं, विचारायचं नव्हतं तरी विचारलं. "शेठजी, तुम्हाला पुण्यात कळलं कसं? खोकला होता?"

"खोकला तर गेला होता, बेटा. गोळ्यांनी. मी तर विसरलोच होतो. पण त्या दवाखान्यातून एक पोरगी फोन करायची. 'काका, सहा आठवडे झाले, तुमचा फोटो राहिलाय.' मी म्हणालो, मला काही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा. 'काका, कधी येताय?' मी तर झापलं एकदा तिला, म्हटलं, तुझ्या घरी कोणी बुजुर्ग नाही का, मला का सतावते? तरी तिचा फोन आलाच. अर्पित म्हणाला, बाबा, तिची कटकट बंद करायला तरी चला."

"कोण होती ती? डॉक्टर?"

"नाही गं. रिपोर्टाखाली ती ओळ असते ना, त्या ओळीच्या लोकांना फोन करायचा, एवढंच तिचं काम. त्यासाठीच पगार देतात म्हणे तिला."

कामिनीने मिठूला उचललं आणि मागे स्वयंपाकघरात गेली. माठातलं पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. तिथे त्या ओळीला एक माणूस लावलेला होता. इथे दोन अक्षरं. आणि ती दोन अक्षरंही पुरेशी झाली असती, कारण नानांनी स्वतः विचारलं होतं.

शेठ गेल्यावर नीलेश अंगणात मोटारसायकल काढायला लागला. चेहरा लालबुंद.

"कुठे निघाला रे?" आई ओरडली.

"त्या गोळ्यावाल्या डॉक्टरच्या दवाखान्यात. सगळ्यांच्या देखत विचारतो त्याले. पुन्यात एक साधी पोरगी जे करते ते याले जमलं नाई? रिपोर्ट याच्या हातात होता का नव्हता? काच ठेवत नाई मी आज त्याची."

"नीलू, थांब," कामिनी म्हणाली.

"तू मधी पडू नको ताई. तू सगळ्यांचं ऐकून घेते."

"थांब म्हणते ना. त्याला नको विचारू. मला विचार."

नीलेशने किल्ली फिरवली नाही.

तिने खिडकीतून आत पाहिलं. नाना पलंगावरून तिच्याकडेच बघत होते. मग ती आत गेली, पलंगाच्या कडेला बसली आणि सांगायला लागली. वरणभाताची वाटी, मानेतला फोन, 'ते नेहमीचं आहे'. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रिपोर्ट टाइप करताना जसा आवाज सपाट होतो तसाच झाला. "ते रिपोर्ट रोज हाताळणारी घरात मी एकटी होते नाना. तुम्ही विचारलंत. मी वाचलं नाही. मी सांगितलं." नीलेश दारात येऊन उभा राहिला होता. किल्ली त्याने मुठीत धरली, मग खिशात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आईने पदर तोंडाला लावला. मिठूने आजीचं पाहून आपला फ्रॉक तोंडाला लावला.

बोलायला नानांना आता श्वास गोळा करावा लागायचा.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तू काय सांगशीन ते. म्हनून तर तुले विचारलं." थांबले. "डॉक्टरनं सांगितलं होतं मले, सहा आठवड्यांनी परत जा. मी म्हटलं, बाग कापायले आली, कोन जाईन? मंग मले कोनीतरी 'काही नाई' म्हनायले पाहिजे होतं. डॉक्टर म्हनला नसता. म्हनून तुले फोन लावला. मी खोटं मागून घेतलं माय, तू बिचारी खरं समजून देऊन बसली."

"नाना, तुम्ही हे मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"असू शकते," नाना म्हणाले, आणि हसायला गेले तर खोकला आला.

ते खरं होतं, की तिच्यासाठी तेवढ्यात रचलेलं, हे तिला कळलं नाही. सावद्याच्या डॉक्टरला विचारून कळलं असतं. तिने पुढे कधी विचारलं नाही.

खोकला थांबल्यावर नानांनी तिचं मनगट धरलं. "त्या ओळीचे आनखी किती आहेत?"

"काय?"

"माझ्यासारखे. ज्याईच्या खाली तू ते टाकलं आन ते परत आले नाईत. किती?"

कामिनीने पर्स ओढली. कागद तिच्याजवळ होता. मुंबईचं उत्तर आलं त्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, तिने कॉम्प्युटरमधून नावं उतरवून घेतली होती. का, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. फोन मात्र एकही केला नव्हता. पहिला फोन करायचा म्हणजे आपण आधी काय केलं नाही ते कबूल करायचं, आणि ते नानांच्या आधी परक्याला कसं सांगणार?

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "यावलचे, चोपड्याचे, धुळ्याकडचेही. त्यातल्या पुष्कळांना काहीच नसेल, नाना. जुने डाग असतात."

"माझाही जुनाच होता ना? लाव."

"आत्ता? शनिवार दुपार आहे. डॉक्टरांनाही विचारलेलं नाही."

"डॉक्टरले सोमवारी विचार. मी आहे तवर लाव. मले ऐकू दे."

तिने यादीतलं पहिलं नाव पाहिलं. तोताराम, सोनगीर. फोटो जूनमधला, धुळ्याच्या सेंटरचा. घंटी खूप वेळ वाजली. मग वारा आणि माणसांचा गलका ऐकू आला, कुणीतरी कापूस वेचत असावं.

"हा, कोन बोली ऱ्हायनं?"

"काका, मी एक्स-रे सेंटरमधून बोलतेय. तुमचा जूनमध्ये फोटो काढला होता..."

"बठ्ठं बरं शे ताई. खोकला ते कव्हयच गया."

"हो, खोकला गेला ते छान झालं. पण पुन्हा एक फोटो काढायचा राहिलाय, तुम्हाला जमेल तेव्हा..."

नानांनी हात हलवला. "अशी नको बोलू," ते कुजबुजले. "'जमेल तवा' म्हटलं का मानूस येत नसतो. मी आलो का?"

"वावरमा काम शे ना ताई," तिकडून आवाज आला. "मंग कसाले येऊ? तो कागद मी गावमा एक जनले दखाडा. त्यानी सांगं, खाले लिखेल ते नेहमीनं शे. बठ्ठास्ले लिखतस."

नानांची बोटं तिच्या मनगटावर होती, केळीच्या चिकाने काळे पडलेले डाग अजून न निघालेली बोटं. मिठू पलंगावर चढून आजोबांच्या उशीत घुसली.

"नाही काका," ती म्हणाली. "नेहमीचं नाहीये ते. सगळ्यांसाठी नाही, तुमच्यासाठी लिहिलंय. मीच लिहिलंय. सोमवारी धुळ्याला या. नाही आलात तर मंगळवारी मी पुन्हा फोन करेन."

"आनि बुधवारी," नाना म्हणाले.

"आणि बुधवारी," कामिनी म्हणाली.